गोठ्यातली दुपार
पेंढ्याचा वास आला की मला पोलादपूरच्या डोंगरातली आमची वाडी आणि मे महिन्यातली एक दुपार आठवते. माकडं कौलं फोडायची, पावसाळ्यात घरभर भांडी मांडावी लागायची, म्हणून मुंबईच्या पगारातून मी घरावर निळे पत्रे घातले होते. त्याचा मला केवढा अभिमान. सुट्टीला भर दुपारी पोहोचलो तर घर रिकामं, आणि सत्तरीतली आई गोठ्यात म्हशीशेजारी गोणपाट टाकून पडलेली. गोठ्याचं छप्पर अजून पेंढ्याचंच होतं. मी चिडलो. लोक काय म्हणतील, पोराने आईला गोठ्यात ठेवलीय? "म्हस गाभण हाय रे, एकटीला कशी सोडू?" ती एवढंच म्हणाली. मी तणतणत घरात जाऊन आडवा झालो. पंखा पत्र्याखालची तापलेली हवाच अंगावर ढकलत होता. थोड्या वेळात छाती धडधडायला लागली, डोकं गरगरलं. मला अर्धा तास झेपलं नाही, आणि आई तर रोज बीपीची गोळी घेणारी. घामाने निथळत मी गोठ्यात परतलो. आईने काही विचारलं नाही. सरकून मला गोणपाटावर जागा केली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आता दरवर्षी शिमगा झाला की मी पत्र्यांवर पेंढा पसरून वरून बांबू बांधतो, आणि आई दुपारची घरात झोपते. ती म्हैस काही त्या वर्षी व्यायली नाही. मीही आईला त्याबद्दल कधी विचारलं नाही.