श्रीवर्धनची ओटी

गेली दोन वर्षं मी देवापुढे दिवा लावत होते, पण मनापासून हात जोडले जात नव्हते. आईची स्मृती चालली होती. पोटच्या मुलीला ती ‘अहो बाई’ म्हणायची. ते ऐकून माझी श्रद्धाच आटली होती.

सुट्टीसाठी भावाने गोवा सुचवला. मी आईला श्रीवर्धनला नेलं. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही एसटीने तिथे जायचो. वडिलांच्या पगारात बसणारा समुद्र तेवढाच होता. मुंबईचे लोक अलिबागलाच थांबतात, इतक्या खाली फारसे येत नाहीत. म्हणूनच की काय, सुपारीच्या वाड्यांमधून समुद्राकडे जाणारी ओलसर, सावलीची वाट अजून तशीच होती. तेव्हा त्या वाटेवर आई आमच्या पुढे चालायची, भराभर, चपला हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आले, तर आई खोलीत नव्हती. किनारा पाहिला, बाजार पाहिला. भरती चढत होती आणि नजर सारखी पाण्याकडे जात होती. शेवटी सोमजाई देवीच्या देवळाच्या पायरीवर मी मटकन बसले. म्हणाले, “माझ्याने होत नाही. आता तूच सांभाळ तिला.” ते मागणं नव्हतं. दमून खाली टेकवलेलं ओझं होतं.

उठले आणि का कोण जाणे, आलेली वाट सोडून मोहल्ल्याच्या गल्लीत वळले. चौथ्या घराच्या ओटीवर आई बसली होती. मांडीवर सूप, सुपात सुपाऱ्या. चांगल्या-किडक्या वेगळ्या करत होती. शेजारी त्या घरच्या वयस्कर हमीदाबी.

“तुमची आई काय?” त्या म्हणाल्या. “सकाळी येऊन बसल्या. नाव सांगता येईना. घाबरतील म्हणून हातात काम दिलं. आमचे हे गेलेत बाजारात, चौकशी करायला.”

मला रडू आवरेना. “हरवली होती हो.”

“हरवल्या कुठं? अल्लाच्या मेहरबानीनं घरातच तर होत्या.”

आईने वर पाहिलं. माझे वाळूने भरलेले पाय पाहिले.

“किती वेळ लावलास गं? पाय धुऊन ये आत.”

दुपारपर्यंत मी पुन्हा ‘अहो बाई’ झाले. आई बरी झाली नाही, होणारही नाही. तिला सांभाळलं ते देवीने की हमीदाबींच्या अल्लाने, हे मी कुणाला विचारलं नाही. दोघांचेही उपकार मानले. आईचं मन जिथे भटकतं, तिथे मला जाता येत नाही. पण तिथेही कुणीतरी तिला बसवून घेत असेल, असं आता वाटतं, आणि मला शांत झोप लागते.