मामींची कोरफड आणि मामांचा पारा

झाडांशी इतकं गोड आणि माणसांशी इतकं तिरसट वागणारा दुसरा माणूस त्या काळच्या अख्ख्या मुलुंडात नव्हता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. आमच्या ह्यांचे हे सख्खे मामा चाळीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. तेही सगळ्या झाडांशी गोड नव्हेत हं! गुलाब, मोगरा म्हणजे त्यांच्या मते लाडावलेली कार्टी. जीव जडला होता तो जाड पानांच्या मंडळींवर. कोरफड, पानफुटी, निवडुंग. माझ्या दिरासाठी घाटकोपरला मुलगी बघायला गेलो, तर मामा पोह्यांची बशी खाली ठेवून थेट गॅलरीत. तिथून ओरडले, "अहो, पानफुटीला पिठ्या ढेकूण झालेत! पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो तो कापूस वाटला का तुम्हांला? रस शोषतायत मेले!" मुलीचे वडील कावरेबावरे, मुलगी रडायच्या बेतात. आणि मामा तिच्याच समोर बसून काडीला कापूस गुंडाळून एकेक ढेकूण टिपतायत! लग्न जुळलं ते केवळ मुलीची आई समजूतदार म्हणून.

ढेकूण टिपायला स्पिरिट लागे, आणि दिवस दारूबंदीचे. पिशवीत बाटली बघून एकदा हवालदाराने हटकलं. "ढेकणांसाठी आहे," मामा म्हणाले. "ढेकूण पितात काय?" त्याने विचारलं. शहाण्या माणसाने हात जोडले असते. मामांनी त्याला कीड ओळखण्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि वर, "तुमच्या चौकीपुढचा निवडुंग सडतोय, लाज वाटली पाहिजे," असंही सुनावलं. सोडवायला कोण गेलं? आमचे हे, ऑफिस बुडवून! संताप संताप झाला माझा.

अशा ह्या धन्वंतरीच्या स्वतःच्या दारातली कोरफड आजारी पडली. कोरफड मामींची. त्या जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या हातचं म्हणावं असं जिवंत तेवढंच उरलं होतं. पानं बुंध्याशी मऊ, तपकिरी पडायला लागली, आंबूस वास यायला लागला. मामांनी बुरशी म्हणून गंधकाची पूड मारली, कुंडी उन्हात ठेवली, सावलीत ठेवली. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी एका सकाळी त्यांनी झाड उपटलं. मुळं काळी, लिबलिबीत. झालं! गॅलरीत उभे राहून गरजले, "पाणी! कोणीतरी हिला रोज पाणी पाजतंय! बुडवून मारलंत रे हिला! कोण तो खुनी?"

पटापट दारं उघडली. माझं टाळकंच सरकलं. "मामा, तोंड सांभाळा! खुनी काय? मामींच्या आजारपणात ह्याच बायका रात्रंदिवस बसल्या होत्या ना?" असं तावातावाने बोलले खरी. पण सगळे आत गेल्यावर हळूच म्हटलं, "मामा, मीच घालत होते. तुम्ही बाजारात गेलात की. देवपूजेचं ताम्हणातलं पाणी. पायदळी कुठे टाकायचं? आणि मामींपाशी सकाळी कोणीतरी जावं, असं वाटायचं हो."

आता काय ऐकावं लागतं म्हणून मी पदर खोचून तयार. मामा उंबऱ्यावर बसले.

"रोज?"

"रोज."

"मीही घालत होतो गं," ते म्हणाले. "तिच्यामागे पूजा माझ्याकडेच आली. चार पळ्यांनी काय होतंय म्हटलं. सगळ्या जगाला मी शिकवतो, आणि मीच..."

मग डोळे पुसून त्यांनी चाकू मागितला. सडलेलं सगळं कापून टाकलं. बुंध्याला फुटलेलं एकच निरोगी पिल्लू उरलं होतं. त्याच्या कापाला गंधक लावून ते सावलीत सुकत ठेवलं. जखम सुकल्यावर वाळूत आणि विटांच्या चुऱ्यात लावायचं, आणि पुढे कितीतरी दिवस पाण्याचा थेंब घालायचा नाही.

पिल्लू जगलं. पण ते दिवस फार जड गेले. सकाळी पूजा आटोपून, हातात पाणी घेऊन, आम्ही दोघं आपापल्या दारात येऊन उभे राहायचो, आणि ते घेऊन जायचं कुठे ते दोघांनाही कळायचं नाही.