गणपतीमागची भिंत

प्रदर्शन संपलं तेव्हा माझ्याजवळ एकही चित्र उरलं नव्हतं. चित्रकाराला याहून चांगलं काय हवं, असं सगळे म्हणाले आणि मीही हसून हो म्हटलं. मुंबईच्या त्या दालनात मी आमच्याकडची बंद घरं मांडली होती. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढचं दार, दाराला कुलूप. घर कोकणात, घराचा मालक मुंबईत आणि चित्र बघून डोळे पुसणारं गिऱ्हाईकही मुंबईतच, असा तो सगळा मामला होता. एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चित्रं बघून त्यांना गावाची फार आठवण आली. गाव कुठलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "तसं आम्हाला गाव नाही."

दालन चालवणाऱ्या बाई कामाला चोख होत्या. शेवटच्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी पुढच्या प्रदर्शनाचं बोलणं काढलं. पुढच्या थंडीत दालन मोकळं आहे, अशीच आणखी चित्रं करा. "लोकांना आता तुमची घरं ओळखू येतात," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. नाही म्हणायला त्या वेळी काही कारण नव्हतं.

मालवणला परतल्यावर कागद ताणला आणि घर काढायला बसले. हात आपला आपण चालू लागला. चिरे झाले, कौलं झाली, कुलपावरचा उजेड झाला, आणि मी जणू शेजारी बसून दुसऱ्या कुणाचं काम बघत होते. चित्र वाईट नव्हतं. विकलंही गेलं असतं. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि दुसरं काहीतरी शोधायला लागले.

शोधायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. तोंडवलीच्या किनाऱ्यावर वही घेऊन बसले, तर उन्हानं पाठ तेवढी भाजून निघाली. पिंगुळीला जाऊन चित्रकथीच्या पोथ्या पाहिल्या. त्या इतक्या आवडल्या की लवकर निघाले, कारण आवडलेलं उचलायची मला खोड आहे. मध्ये काही आठवडे घर नाही, दार नाही, नुसता रंग, असाही प्रयोग झाला. त्यात लाल रंग तेवढा संपला. पावसाळा अर्धा सरला तरी हाती काही नव्हतं. मला भीती वाटत होती. चित्र येत नाही ही भीती नव्हती. कुलपाचं चित्र हवं तेव्हा येत होतं, दुसरं कुठलंच येत नव्हतं, आणि उरलेलं आयुष्य मी तेच काढत बसणार, ही भीती होती.

अशात मुंबईहून चुलतभावाचा फोन आला. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी गणपतीमागची भिंत दर वर्षी नव्यानं रंगवतात. आधीच्या वर्षीच्या चित्रावर चुना फिरवायचा आणि त्यावर नवं चित्र काढायचं. आमच्या घरात हे काम काका करत. कैलास पर्वत, निळं आकाश आणि दोन हंस, हे त्यांचं ठरलेलं. काका गेल्यापासून भाऊ मुंबईहून छापील फ्लेक्स आणून लावायचा. "औंदा फ्लेक्स नको," तो म्हणाला. "घरात येवढी मोठी चित्रकारीण आसा, लोका हसतत आमका." हे कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. पण कागदासमोर बसण्यापेक्षा भिंतीसमोर उभं राहणं बरं वाटलं, म्हणून गेले.

आमचं घर मालवणपासून आत, शेतांच्या पलीकडे. तिथं वर्षभर एकटी काकी राहते. मुलगे मुंबई-पुण्याला. गणपतीत घर भरतं आणि पाच दिवसांनी रिकामं होतं. मी गेले तेव्हा काकीनं भिंतीवर चुना फिरवून ठेवला होता. ती मला चहा द्यायची आणि मागच्या अंगणात निघून जायची. काय काढतेस, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

मी भिंतीच्या बरोबर मधोमध आमचंच घर काढलं. फक्त या वेळी दार उघडं ठेवलं. दारातून आत जाणारा उजेड, उंबरा, उजेडात दिसणारी जमीन, यावर मी जीव ओतला. काढता काढता एकदम वाटलं, सापडलं. बंद घरं झाली, आता उघडी घरं. त्या उत्साहात मी दालनाच्या बाईंना फोनही केला. "उघडी दारं!" त्या म्हणाल्या. "छान, ओळख तीच राहील आणि नवंही वाटेल." त्यांना इतकं चटकन पटलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तोवर मुंबईकर येऊन पोचले होते. भिंतीच्या कडा अजून मोकळ्या होत्या. भाऊ म्हणाला, कडा रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत. वेळ उरला नव्हता. मग उरलेल्या रंगात, समोर जे दिसेल ते कडांना भरून टाकलं. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी बांधायला शिडीवर चढलेला भाऊ कमरेपर्यंतच आला, कारण वर भिंत संपत होती. नारळ खवणारी वहिनी, केळीचं पान डोक्यावर धरून अंगण ओलांडणारा शेजारी, मृदंगाची शाई तपासणारे भजनातले बुवा, सगळे अर्धेमुर्धे आणि घाईतले. मी ते चित्रात धरलेच नव्हते.

चतुर्थीला सकाळी भाऊ शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या शाळेतून, गणपती घेऊन आला. टेबलावर गणपती बसला आणि माझं घर, उघड्या दारासकट, त्याच्या पाठीमागे गडप झालं. वर माटवीचे नारळ, काकड्या आणि कवंडळं लोंबत होती, त्यांनी उरलीसुरली कौलं झाकली. लहानपणापासून मी त्या भिंतीसमोर आरत्या म्हटल्या होत्या. तिच्या मधोमध काय बसतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. काकांचा कैलास आणि हंस दोन्ही अंगांना का असत, हेही तेव्हा लक्षात आलं. पण मी भिंत बघितली ती दालनातल्यासारखी, मोकळी. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. "तुका म्हायत आसतला असा वाटला गो," ती म्हणाली. "म्हणान कोण बोलूक नाय."

मीही हसले. दुसरं काय करणार?

पाच दिवस आरतीला आणि भजनाला येणारी माणसं त्या भिंतीसमोर बसत होती आणि कडा बघत होती. बुवांनी स्वतःला ओळखलं आणि नाक मोठं काढल्याची तक्रार केली. शेजाऱ्यानं केळीच्या पानाखालचा माणूस आपणच, हे चारचौघांना पटवून दिलं. मलाही प्रत्येक आरतीला तेच दिसत होतं. त्या कडा मला आवडायला लागल्या, आणि आवडल्या याचा रागही आला. जिथं जीव ओतला ते झाकलं गेलं होतं आणि जे उरकलं होतं ते बघायला माणसं सरकून बसत होती.

विसर्जनानंतर ओल्या कपड्यांनी सगळे घरी आले. टेबल रिकामं होतं आणि मागं माझं घर पुन्हा दिसू लागलं होतं. पाच दिवस न बघितल्यामुळे ते मला परक्याचं असल्यासारखं नीट बघता आलं. तेच चिरे, तोच उजेड, तीच नीटनेटकी उदासी. दाराचं फक्त कुलूप काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाड्या पकडून सगळे गेले. मी सामान भरत असताना काकी माजघरात येऊन भिंतीसमोर पाटावर बसली.

"गेले सगळे," ती म्हणाली. "आता ह्यां चित्र फुडच्या चतुर्थेपर्यंत माकाच बघूचां आसा."

माझा हात बॅगेवरच थांबला. हे मी धरलंच नव्हतं. दालनातलं चित्र कोण विकत घेतं ते मला कळतं, पण ते रोज कोण बघतं, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

"आवडूक नाय?" मी विचारलं.

"घर बरां काडलंस. पण घर काय, भायर खळ्यात जावन उभी रवलंय काय दिसता. भितूर बसान परत तांच बघू?" मग चित्रातल्या उंबऱ्याकडे बोट करून ती म्हणाली, "आणि दार उघडां टाकलंस. मांजरां येतली."

"मगे काय काडू?"

तिला विचार करावा लागला नाही. "तळेऱ्याचो फाटो काड."

मला वाटलं थट्टा करतेय. तळेऱ्याचा फाटा म्हणजे हमरस्त्यावरून देवगडकडे वळायची जागा. काकीचं माहेर त्या बाजूचं. लग्नानंतर माहेरी जाताना ती तिथं उतरायची आणि देवगडची एस.टी. येईपर्यंत बसून राहायची. येताना परत तेच.

"सासरी काम," ती म्हणाली. "माहेराक गेलंय काय भावजयेचां काम. तळेऱ्याक काम सांगणारो कोण नाय. च्या घेवची आणि लोकांका बघीत बसूचां. पण गाडी इलली काडू नको हां. गाडी येवची आसा, असां काड."

बॅग तशीच ठेवली आणि मागच्या पडवीतून चुन्याचा डबा आणला. मधल्या घरावर चुना फिरवायला फार वेळ लागला नाही. कडेची माणसं ठेवली. मग मुंबईला फोन केला आणि उघडी दारं होणार नाहीत असं सांगितलं. बाईंनी विचारलं, मग काय करताय? एस.टी.चा फाटा, मी म्हटलं, आणि तो भिंतीवर आहे, आणता येणार नाही. त्या ओरडल्या नाहीत. तारखा दुसऱ्याला देते म्हणाल्या, आणि लोक दोन वर्षांत नाव विसरतात, हेही मला सांगून ठेवलं. ते खरं आहे. मी काही शूर वगैरे नाही. फोन ठेवल्यावर लगेच परत करावा असंही मनात येऊन गेलं. पण भिंत ओली होती आणि काकी चहा घेऊन येत होती.

तळेऱ्याला मी एकदा जाऊन आले. रस्ता रुंद झाला आहे आणि काकी सांगते त्यातलं तिथं काहीच नाही. म्हणजे बघून काढायचा प्रश्न मिटला. उरलं फक्त तिचं बोलणं, आणि तेही रोज बदलायचं. आज चहाच्या टपरीमागे वड असायचा, उद्या तिथंच चिंच. मी दोन्ही काढली. माणसं काढायची माझी सवय मोडली होती. पहिला माणूस विजेच्या खांबासारखा उभा राहिला. त्याच्या हातात छत्री दिली तेव्हा जरा वाकला. मग खारेपाटणचा मुसलमान कापडवाला आला, जो काकीला पातळ दाखवायचा आणि ती घेणार नाही हे माहीत असूनही भाव सांगायचा. पाटी उतरवून बसलेली मासेवाली आली, पायावर पाय टाकून झोपलेला एक कंडक्टर आला. काय रंग लावायचा, हे मला दर वेळी नव्यानं ठरवावं लागत होतं. चुकत होतं, पुसत होते, आणि बऱ्याच महिन्यांनी सकाळी उठून कामाला जायची घाई वाटत होती. आनंद झाला होता, असं सरळ म्हणायला हरकत नाही.

भावाला फोनवर कळलं तेव्हा तो हादरला. गणपतीच्या मागे एस.टी. स्टँड? "ती फुडच्या वर्साची गजाल," काकीनं त्याला सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला.

सगळ्यात शेवटी मी काकीला काढलं. तिला न सांगता, टपरीच्या बाकावर, हातात कपबशी, शेजारी माहेरचं बोचकं. तरुण चेहरा मला ठाऊक नव्हता, म्हणून तोंड रस्त्याकडे वळवलं होतं. मला वाटलं, चित्रात हेच कमी होतं.

संध्याकाळी ती पाटावर बसली आणि एकेक माणूस बघत बाकापर्यंत आली. तिथं थांबली. मग चष्मा पुसून परत बघितलं.

"ही मी?"

"हां."

"माका पूस," काकी म्हणाली. रागानं नाही, मीठ जास्त झालंय, हे सांगावं तशी. "मी थय जावन बसलंय तर हय बघतलो कोण?"

मी चुना घेऊन तिला पुसलं. बोचकं पुसायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, तां आसांदे.