बिलीव्ह आणि उजवा कौल

पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर 'बिलीव्ह' हे क्रियापद लिहिलं आणि प्रत्येकाकडे एक वाक्य मागितलं. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांनी एकच वाक्य दिलं, आय बिलीव्ह इन गॉड. सर म्हणाले, देवाला आता जरा बसू द्या, दुसरं काहीतरी सांगा. सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. मग त्यांनी समजावलं. जे पाहून, तपासून झालं आहे, तिथे 'नो', म्हणजे ठाऊक असणं, म्हणायचं. जे तपासायचं राहिलं आहे, तरी मनाने खरं धरलं आहे, तिथे 'बिलीव्ह'. मला वाटलं, कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाढी करताना बाबांच्या हाताला मानेवर गाठ लागली.

बाबा सर्वणला, आमच्या गावी, मळ्यात तांबडी भाजी आणि मिरची लावतात. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की देवाचा कौल घेतात. मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न सांगायचा आणि थांबायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. एकदा उजवा कौल मिळाला की तोच प्रश्न परत घालायचा नाही. परत विचारणं म्हणजे देवाच्या शब्दावर संशय घेणं.

आई-बाबांनी इस्पितळात मला सोबत नेलं, कारण घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच. डॉक्टरांनी गाठ चाचपली, सोनोग्राफी पाहिली, आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "आय बिलीव्ह इट इज नॉट कॅन्सर." शेवटचा शब्द आम्हा तिघांनाही कळला. बाबांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढे डॉक्टर घाईने इंग्रजीतच बोलले की गाठ काढून तपासायला पाठवली पाहिजे, त्याशिवाय काही सांगता येणार नाही. तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं आणि ते उठून गेले.

"काय म्हणता गो दोतोर?" आईने विचारलं.

 मी म्हटलं, दोतोरांचो विश्वास आसा, तसला काय नाय.

पुढचं सांगायच्या आत आई उभी राहिली. तिने भिंतीलाच हात जोडले आणि पिशवी उचलली. "उठा. उजवो पडलो. आता परत विचारूचा नाय."

बाबाही लगेच उठले. त्यांना तेच हवं होतं. मी दारात आडवी उभी राहिले. ते घरी गेले असते तर परत आले नसते, हे मला ठाऊक होतं. आणि थांबवावं, तर आईला वाटणार, ही पोर चार बुकं शिकली आणि संशय घ्यायला लागली. तरीही मी सांगितलं की दोतोरांनी गाठ काढायलाही सांगितलं आहे. आई म्हणाली, विश्वास आसा तर काढता कित्याक?

ह्याचं उत्तर मला सरांच्या शब्दांत देता आलं नसतं. मला आमच्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव आठवला. दर वर्षी बाबा माडाचे ओंडके टाकून हा छोटा पूल घालतात.

"बाबा, साकव तुमीच घालतास मां? मगे आमका सोडूच्या आदी पाय आपटून कित्याक बघतास?"

बाबांनी मानेवरच्या गाठीला हात लावला. "तो साकव," ते म्हणाले. "ही मान माझी आसा." पण मग खुर्चीवर परत बसले. आईने पिशवी खाली ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

ऑपरेशन झालं. बाबांच्या मानेवर पट्टी आहे आणि ते मळ्यात जायचा हट्ट धरतात. तपासणीचा निकाल इस्पितळातून फोनवर कळवणार आहेत, तो अजून यायचा आहे. पट्टी बदलताना नर्सने विचारलं, भीती नाही वाटली? तेव्हा बाबा म्हणाले, "माझी बाय म्हणाली म्हणान थांबलंय." बाय म्हणजे मी.

आता सरांनी विचारलं तर माझ्याकडे देवाशिवायचं वाक्य आहे. माय फादर बिलीव्हज् मी. निकाल येईपर्यंत मी ते वहीत लिहीत नाही. फोन वाजला की आई माझ्याकडे बघते, आणि मी तो उचलायला जाते.