उजवा डोळा आणि शेवटचं प्रकरण

"या जाळीतल्या रेषा सरळ दिसतात का?" डॉक्टरांनी विचारलं. माझा डावा डोळा हाताने झाकलेला. समोर एक कार्ड, त्यावर बारीक चौकोन, मधोमध काळा ठिपका.

"नाही," मी म्हटलं. "पण हल्ली छपाईच अशी असते."

मी विनोद करत नव्हते. त्याआधी दोन महिने मी पेठेतल्या लायब्ररीशी भांडत होते. एकामागून एक तीन पुस्तकांत ओळी मधेच खाली वाकलेल्या. तिन्हींच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलीने शेरा मारला, 'छपाई वाकडी. वाचकांना गृहीत धरू नये.' ग्रंथपाल बाई पान डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, "मला तर सरळ दिसतंय." यांचं आणि प्रकाशकाचं साटंलोटं असणार, असं मला तेव्हा खात्रीने वाटलं.

मग ओसीटी झाली, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र. निदान आलं, वेट मॅक्युलर डीजनरेशन. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग. वाचणं, चेहरे ओळखणं सगळं त्याच्या जिवावर. त्याच्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, झिरपतात आणि सरळ रेष वाकडी दिसू लागते. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. आयुष्यभराचं सगळं वाचन उजव्याने केलेलं, आणि बिघडला तो उजवाच.

"दोन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या. ते दोन महिने मी शेरे मारण्यात घालवले होते. म्हणून हे वाचणाऱ्यांना सांगते, एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघत जा. वाकडी दिसली तर सुताराला बोलावू नका.

उपचार म्हणजे इन्ट्राव्हिट्रियल इंजेक्शन. थेट डोळ्यात सुई, महिन्यातून एकदा. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. दुखत फारसं नाही, भीतीच जास्त. हॉस्पिटल स्वारगेटजवळ. बाहेरच्या बाकांवर आम्ही सगळे थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसायचो. "काही त्रास नाही हो," असं जो तो शेजारच्याला सांगायचा. कोणावर विश्वास ठेवावा कळत नव्हतं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टरांनी आमच्या ह्यांना आत बोलावून घेतलं. मी बाहेर, डोळ्यावर पट्टी. हे आले तेव्हा विचारलं, "काय म्हणाल्या?"

"पुढची तारीख दिली."

तारीख द्यायला दहा मिनिटं लागतात का, हे मनात आलं. विचारलं नाही.

आता पुस्तकांकडे वळते, कारण माझ्या आजाराचं खरं काय ते तिथेच उघडं पडलं. आमचा सात जणींचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकत्र बसायचं आणि वाचलेल्या पुस्तकावर मत द्यायचं. माझ्या मताला सगळ्या जरा टरकून असतात. मलपृष्ठावरची स्तुती मी वाचत नाही. ती लेखकाच्या मित्राची असते. डोळ्यापायी कट्टा सोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून ह्यांना वाचून दाखवायला बसवलं. ह्यांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात भुसाराचा व्यापार केला. पेपरातल्या बाजारभावाखेरीज काही वाचलं असेल तर लग्नपत्रिका.

पहिलं पुस्तक एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र. पन्नास पानांनंतर हे म्हणाले, "या माणसाचं कधीच काही चुकलं नाही का गं?" माझं मत हेच होतं. फक्त मी ते दोन पानांत लिहिलं असतं.

मग खराडीच्या आयटीतल्या जोडप्याची कादंबरी. निम्मी बरी. पुढे दोघं नोकऱ्या सोडून डोंगरात स्वतःला शोधायला जातात. ती दोघं ऑफिसात दिवसभर नेमकं काय करतात हे लेखकाला माहीत नसावं, म्हणून त्याने त्यांना डोंगरात पाठवलं असावं, असा माझा संशय आहे.

तिसरं पुस्तक म्हणजे कट्ट्याने त्या महिन्यात सगळ्यांसाठी ठरवलेली कादंबरी. नायिका निवृत्त शिक्षिका, तिची नजर कमी होत चाललेली. लेखिका चांगली, पण आभाळ दिसलं की चार विशेषणं लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. शेवटचं प्रकरण वाचायला हे तीन दिवस टाळत होते. घसा बसलाय म्हणाले. अखेर एका दुपारी वाचलं. बाईंचं ऑपरेशन होतं, दिसू लागतं, आणि त्या मंडईत जाऊन कांदेवाल्याशी भांडतात. पोत्याच्या तोंडाशी मोठा कांदा आणि खाली बारीक चिंगळी भरलीस, म्हणून.

भाषा एकदम साधी, सरळ. मला शंका आली खरी. पण मी अर्थ काढला तो समीक्षकाचा. लेखिकेला शेवटी वाचकावर विश्वास टाकता आला, असं ठरवून मोकळी झाले.

कट्ट्यावर दहा मिनिटं बोलले. कांद्याच्या प्रसंगाचं फार कौतुक केलं. बोलणं संपल्यावर कोणीतरी भराभर शेवटची पानं चाळल्याचं ऐकू आलं. मग शाळेतून निवृत्त झालेल्या सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "अहो, आपण हीच कादंबरी वाचलीत ना? त्यात बाईंची दृष्टी जाते. कांदा कुठेच नाही."

रिक्षाने घरी आले. लाजेने कानशिलं तापली होती. हे पेपर घेऊन बसलेले.

"शेवट तुम्ही बदललात?"

"हो."

"का?"

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. आणि तेव्हा मला डॉक्टरांच्या खोलीतली ती दहा मिनिटं आठवली.

"आणि डॉक्टरांचं? तेही बदलून सांगितलंत?"

ह्यांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पडद्यावर व्रण झालाय म्हणाल्या. झिरपणं थांबेल. पण गेलेलं परत येणार नाही. वाचण्याइतकं नाही." मग म्हणाले, "तुला कसं सांगायचं, मला जमेना गं."

मी त्या दिवशी फार चिडले. रडलेही. डोळा माझा, आणि त्याची बातमी दोन महिने दुसऱ्याच्या खिशात.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना म्हटलं, "जे असेल ते मला सांगायचं." त्यांनी मान्य केलं, "हो, आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं." इंजेक्शनं चालू आहेत, उरलंय ते टिकावं म्हणून. कडेचं दिसतं. दार दिसतं, ताट दिसतं. ह्यांच्याकडे बघितलं की कान दिसतात, केस दिसतात, मधे चेहऱ्याच्या जागी धूसर डाग.

तुमच्यावर ही वेळ आली तर रिपोर्ट स्वतः ऐका. घरची माणसं वाईट हेतूने लपवत नाहीत. तरीही विचारत राहा. संशय वाईट असतो म्हणतात. मला तो उपयोगी पडला, फक्त मी तो भलत्याच ठिकाणी खर्च करत होते.

कादंबरीवरचं माझं मत मी मागे घेतलं आणि ह्यांना म्हटलं, "खरं शेवटचं प्रकरण वाचा." ते नाही म्हणाले. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

वाचू लागले. बाई एका जुन्या विद्यार्थिनीची वही हातात घेतात. पानावर बोटं फिरवतात. पान लिहिलेलं आहे की कोरं, त्यांना कळत नाही. तिथे ह्यांचा आवाज थांबला. चष्मा टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं, मग नाक पुसल्याचं.

मी हात पुढे करून त्यांचा गुडघा शोधला.

"वाचा पुढे," मी म्हटलं. "मी ऐकतेय."