शिवेपर्यंतचा फेटा

खुशालरावांच्या गावात डोक्याचे उपयोग ठरलेले होते. त्यावर फेटा बांधायचा आणि वडीलधाऱ्यांपुढे ते वाकवायचं. ते फुटूही शकतं, हा विचार कुणी केलेला नव्हता. ज्यांची फुटली होती ते विचार करायच्या स्थितीत उरले नव्हते.

गाव हिवरखेडपासून तीन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतायची, आणि सायकल नेली तर परतताना सायकलच माणसाच्या खांद्यावर बसून यायची. म्हणून ज्याला जमेल तो घोडं बाळगायचा. खुशालरावांच्या घोडीचं नाव बिजली. पण ती चमकायची ती फक्त चंदीची, म्हणजे दाण्याची, थैली दिसली की; एरवी तिच्या चालीत लखलखाट असा काही नव्हता.

असं असूनही खुशालराव तिच्यावरून आणि तिच्या आधीच्या दोघींवरून मिळून अकरा वेळा पडले होते. प्रत्येक पडण्याची हकीकत ते लढाईसारखी सांगत. जमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको, आतून ऐकत असायची.

"अकराई खेपा कंबरेवर पडले म्हनून सांगाले उरले," ती ओसरीवरच्या मंडळींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. "डोक्शावर पडले असते तरी काई बिघडलं नसतं म्हना. बिघडाले तेथं पायजे तं काईतरी!"

खुशालरावांचा दुसरा अभिमान म्हणजे फेटा. पंचक्रोशीत कुणाचं लग्न असो, नवरदेवाचं डोकं आधी खुशालरावांच्या ताब्यात यायचं. त्यांनी बांधलेला फेटा वरात संपेपर्यंत हलत नसे. मागे पाठीवर सोडलेलं टोक, म्हणजे शेमला, ते चांगला हातभर जास्तच ठेवत. "समोरून तं कोनीबी पाह्यते," ते म्हणत, "मानूस जाऊन राह्यला की मागून पाहा. मानूस मागूनच वळखू येते."

अशा या गावात सत्तावन सालच्या हिवाळ्यात देवमन आला. सरकारी नोकरी, हुद्दा देवी टोचणाऱ्याचा. गाव त्याला डाक्टर म्हणे. पायथ्याची पंचवीस-तीस गावं त्याच्याकडे होती. बसायला चंद्री नावाची पांढरी घोडी, खोगिराला लशीची पेटी, आणि डोक्यावर एक काळा, टणक, गोल असा प्रकार, ज्याचा चामडी पट्टा हनुवटीखाली आवळलेला होता.

पारावर बसलेल्या खुशालरावांनी ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"डाक्टर, थे काय व्हय डोक्शावर? टोपलं?"

"हेल्मेट म्हनतात याले, खुशालरावजी."

"कायले पायजे?"

"पडलो तं डोक्सं वाचते."

"म्हंजे पडासाठीच घोड्यावर बसता काय?"

पार हसला. देवमनही हसला. मग त्याने पट्टा नीट केला, हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली, आणि चंद्रीला टाच दिली. ही दोन बोटं तो दरवेळी घालायचा. दोन गेली म्हणजे बरोबर. तिसरं गेलं तर ढिलं आणि एकच गेलं तर घट्ट. पुढे पारावरची मंडळी त्याची नक्कल करू लागली.

ते हेल्मेट त्याच्या बापाचं. बाप सेमाडोहला जंगलखात्याच्या एका साहेबाच्या घोड्यांना खरारा करायचा. तो साहेब दोनदा दगडावर डोकं आपटून पडला आणि दोनदा कपडे झटकत उठला. देश सोडून जाताना हेल्मेट आपल्या या मोतद्दाराला देऊन गेला. मोतद्दाराचं जन्मभर घोड्यांशी नातं. पण कुठल्याही गावातून तो घोड्यावर बसून गेला नव्हता. लगाम धरून चालत गेला होता. तशी त्या काळी रीतच होती, असं म्हणायचं आणि पुढे जायचं. त्याच्या मुलाने छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि वर्षभरात तो गावोगाव घोड्यावरून हिंडू लागला. काहींच्या पोटात तेवढ्यानेच दुखायचं. घोड्यावरच्या माणसाला हसण्याची त्यांना सोय नव्हती, कारण तो सरकारी होता. मग हेल्मेट बरं सापडलं.

खुशालराव त्यातले नव्हते. ते फक्त हेल्मेटलाच हसत. निदान तेव्हा त्यांची तशी खात्री होती.

"फेट्यात नऊ वार कापड असते, डाक्टर. लाठी बसली तरी समजत नाई."

"लाठी वरून येते, खुशालरावजी. जमीन खालून येते."

यावर खुशालराव पुन्हा मोठ्याने हसले.

सहा वर्षं हे असं चाललं. देवमन आला की कुणीतरी ओरडायचं, "कासव आलं!" तो हात वर करून राम राम घ्यायचा नाही, जय भीम करायचा, आणि कामाला लागायचा. पोरं टोचून घ्यायच्या भीतीने कणगीमागे, गोठ्यात, बाजेखाली लपलेली असत. देवमन अंगणात उभा राहून एकेकाला नावाने हाक मारायचा. शालू, ये बाहेर, मागच्या साली तू रडली नव्हती. जमुनाबाईच्या धाकट्या लेकीचा मुलगा सहा महिन्यांचा होता तेव्हा टोचला होता, ते त्याला चार वर्षांनीही आठवायचं, कोणता दंड होता तेही. पंचवीस-तीस गावांतली पोरं त्याच्या डोक्यात नावानिशी बसलेली होती. एकसष्ट साली नदीपलीकडे देवीची साथ आली आणि चार गावांत रडारड झाली. खुशालरावांच्या गावात एकाही पोराच्या अंगावर फोड उठला नाही. त्यानंतर कासव म्हणायचं बंद झालं नाही, पण म्हणण्यात माया आली.

त्रेसष्टच्या फाल्गुनात देवमनची बदली झाली. खुशालराव पारावर उभे राहून म्हणाले, "डाक्टरले फेटा बांधून निरोप देऊ."

दोघं-तिघं कुजबुजले. भगवंतराव म्हणून एक थोर गृहस्थ होते, ते उघडच म्हणाले, "शाल देल्ली तं नाई चालत काय? फेटा काहून?"

"तुह्या नातवाच्या तोंडावर वण नाई, म्हनून," खुशालराव म्हणाले. विषय तिथेच संपला. आयुष्यात त्यांनी जी काही सरळ बोलणी केली त्यातलं हे एक.

ते स्वतः अकोल्याला जाऊन अबोली रंगाचं रेशमी कापड घेऊन आले. शाळेसमोर खुर्ची मांडली. देवमन ताठ बसला होता, टोचून घ्यायला बसवलेल्या पोरासारखा. खुशालरावांनी दोनशेवर नवरदेव सजवले होते, पण त्या दिवशीसारखा फेटा त्यांच्या हातून पूर्वी झाला नव्हता. शेमला तर थेट कमरेपर्यंत सोडला. बायका दारातून पाहत होत्या. देवमनने एकदा हाताने चाचपून पाहिलं.

निघताना मात्र सवयीने त्याचा हात हेल्मेटकडे गेला. फेट्यावर ते बसणं शक्यच नव्हतं. त्याने फेट्याला हात घातला.

"आज टोपलं राहू द्या, डाक्टर," खुशालराव म्हणाले. "मानाचा फेटा शिवेपर्यंत उतरवत नसतात. गावाचा अपमान होते."

सहा वर्षांच्या हसण्याला जो बधला नव्हता, तो मानाला बधला.

शिवेपर्यंत पोचवायला खुशालराव बिजलीवर बसून बरोबर गेले. हेल्मेट त्यांनीच आपल्या खोगिराला अडकवून घेतलं होतं. शिवेच्या दगडाशी दोघं थांबले. रीत पुरी झाली होती. फेटा उतरवायला आता कुणाची हरकत नव्हती. खुशालरावांनी हेल्मेट पुढे केलं. देवमनने ते हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि खोगिराला अडकवून टाकलं.

"राहू द्या फेटा. घरी केशरले दाखवतो. तिले खरं नाई वाटनार."

इथे एक वाक्य बोलायचं होतं. दाखव बाबा, पण हातात घेऊन जा, घरी गेल्यावर पुन्हा घाल. तेवढं वाक्य. खुशालराव त्याऐवजी म्हणाले, "शोभून राह्यला, डाक्टर."

देवमन निघाला. खुशालराव तिथेच थांबले, कारण फेटा मागून कसा दिसतो ते त्यांना पाहायचं होतं. नाल्याच्या उतारावर पाठीमागून वारा आला. रेशमी शेमला उडाला, खांद्यावरून पुढे गेला आणि चंद्रीच्या डोळ्यावर सपकन बसला. असलं काही तिने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. ती बिचकून मागच्या पायांवर उभी राहिली. फेटा रेशमी, निसरडा. तो देवमनच्या आधी खाली पडला.

खुशालरावांना मागून सगळं अगदी स्वच्छ दिसलं.

अकोल्याच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी देवमनने डोळे उघडले. हातपाय धड होते, बोलणं धड होतं. फक्त पोरांची नावं गेली. गावांची गेली, चंद्रीचं गेलं. केशरबाई, त्याची बायको, उशाशी बसलेली होती. तिचं नाव त्यानंतर तिसऱ्या दिवशी परत आलं तेव्हा ती व्हरांड्यात येऊन रडली. व्हरांड्यात खुशालराव पहिल्या दिवसापासून बसून होते. ती त्यांना काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ते नंतर जमुनाबाईला म्हणाले. आणि जमुनाबाईसुद्धा, जिने एक टोमणा कधी वाया जाऊ दिला नव्हता, त्यावर गप्प राहिली.

त्यानंतर खुशालरावांनी कुणाला फेटा बांधला नाही. नवरदेवाकडचे येत, हे हात पुढे करून म्हणत, "संधिवात हाय." संधिवात त्यांना पुढे दहा वर्षांनी झाला.

चंद्रीच्या खोगिरावरचं हेल्मेट त्या धावपळीत त्यांच्याकडे आलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. दुसऱ्या साली संक्रांतीनंतर ते पिशवीत घालून खुशालराव नांदगाव खंडेश्वरला निघाले. केशरबाईचं माहेर तिथे. नोकरी सुटल्यावर दोघं तिथे राहत होते. दोन दिवसांच्या वाटेत एस्टीत बसून त्यांनी काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

देवमन अंगणात बाजेवर हरभरे सोलत बसला होता. अंगाने बरा दिसत होता.

"हे खुशालरावजी," केशरबाई म्हणाली. "हिवरखेडकडले. तुमी वळखता याहिले."

"बसा नं," देवमन म्हणाला, कुणाही पाहुण्याला म्हणावं तसं. हरभऱ्याचा एक घाटाही पुढे केला.

खुशालराव बसले आणि पाठ केलेलं बोलू लागले. एक माणूस होता, तो डोक्यात हेल्मेट नीट घालून घोड्यावर बसायचा. दुसरा एक होता, तो त्याला सहा वर्षं हसला. टोपलं म्हणाला, कासव म्हणाला. कशाला हसतो ते त्याचं त्यालाही धड माहीत नव्हतं. मग एक दिवस त्याने मान दिला आणि मानापायी त्याचं डोकं उघडं पाडलं. "थो दुसरा म्हंजे मी व्हय, डाक्टर. मले माफ करा."

देवमनने हरभरे बाजूला ठेवून सगळं लक्षपूर्वक ऐकलं. त्याच्या तोंडावर दुसऱ्याच्या दुःखाबद्दल वाटावा तेवढा कळवळा होता.

"मंग त्या मानसाचं काय झालं?" त्याने विचारलं.

खुशालरावांनी केशरबाईकडे पाहिलं. ती आत गेली आणि घडी घातलेलं अबोली कापड घेऊन आली.

"धुतलं मी. एक डाग नाई गेला," ती म्हणाली. "लय सुरेख बांधला होता म्हनतात. दवाखान्यात माह्या हाती आलं तवा नुसतं कापडच होतं. एक खेप बांधून दाखवता?"

खुशालरावांनी कापड मांडीवर घेतलं. टोक धरलं, एक पीळ दिला. दुसरा पीळ बोटांना येईना. दोनशे नवरदेवांचे फेटे बांधलेली बोटं कापडावर नुसती फिरत राहिली. केशरबाईने ते पाहिलं आणि कापड हळूच काढून घेतलं.

मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्यांनी पिशवीतून हेल्मेट काढलं. "हे तुमचं द्यायचं होतं."

"हे काय व्हय? टोपलं?" देवमन हसला. मनापासून हसला. पारावरची सहा वर्षं त्या हसण्यात होती, फक्त बाजू बदलून. "घालून दाखवा बरं कसं दिसते ते!"

खुशालरावांनी फेटा उतरवला आणि जन्मात पहिल्यांदा हेल्मेट डोक्यावर ठेवलं. देवमन आणखी हसला. हसता हसताच त्याचा हात पुढे आला, पट्टा हनुवटीखाली ओढला, कडीत घातला. मग दोन बोटं मध्ये शिरली. हसणं थांबलं. बोटांनी काही तरी तपासलं.

"ढिलं हाय," देवमन म्हणाला, आणि एक भोक आवळलं. पुन्हा दोन बोटं. "हं. आता जा."

बोटं परत हरभऱ्याकडे वळली. केशरबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुमीच घेऊन जा, खुशालरावजी. तुमी घोड्यावर बसता."

नांदगावहून अमरावतीची एस्टी भरलेली होती. खुशालराव खिडकीशी बसले, मांडीवर उतरवलेला फेटा, डोक्यावर काळं हेल्मेट, पट्टा आवळलेला. मागच्या बाकावर पोरी खुसखुसत होत्या. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "बाबा, आमचा डायवर इतला वाईट नाई चालवत!" सगळी गाडी हसली.

बडनेऱ्याला तो पुन्हा आला तेव्हा त्याला जरा वाईट वाटलं असावं. खालच्या आवाजात म्हणाला, "काढा नं, बाबा. गरमी होऊन राह्यली. सोडता नाई येत काय? मी सोडून देऊ?"

खुशालरावांनी पट्ट्यावर हात ठेवला.

"सोडता येते, बावा," ते म्हणाले. "पन बांधनारा नांदगावले राह्यला."