राउंड कुणाचा

क्लॅरी पेंगेली आयुष्यात कधी कुणाची बिअर फुकट प्याला नाही. आमच्या गावात माणसाची पारख यावरच होते. चौघे बारमध्ये बसले की एकाने सगळ्यांना पाजायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आपला राउंड यायच्या आत जो लघवीला म्हणून उठतो आणि मागच्या दाराने घर गाठतो, त्याला गाव विसरत नाही. बर्ट ट्रेझाइज एकदाच तसा गेला. पुढे तो नगराध्यक्ष झाला, चर्चला नवं छप्पर घालून दिलं, पण त्याच्या अंत्यविधीला मागच्या बाकांवर कुजबुज चालली होती ती त्या एका राउंडबद्दलच.

क्लॅरी आणि मर्व्ह जॅरल्ड यांनी जन्मभर धक्क्यावर गव्हाची पोती वाहिली. माझा बापही त्यांच्याच टोळीत होता. मी ग्लेनिस. इथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, भरवणं हे माझं काम. माझे केस पिकले तरी हे दोघे मला पोरीच म्हणायचे.

दोघांच्या बायका गेल्या, मग गुडघे गेले, मग दोघे आमच्याकडे आले. खोल्या शेजारीशेजारी. शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये बसायचे. एका शुक्रवारी बिअर क्लॅरीची, पुढच्या शुक्रवारी मर्व्हची. बाकी आठवडाभर क्लॅरी मुका. बायको गेल्यापासून त्याच्या आतलं काहीतरी बंद पडलं होतं आणि ते दुरुस्त करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, तो स्वतःही नाही. समोर ठेवलं ते खायचा, सांगितलं की झोपायचा. शुक्रवार तेवढा चालू होता.

मग सरकारची मंजुरी आली. आश्रमाच्या समुद्राकडच्या भागात जादा पैसे घेऊन जादा सोयी द्यायच्या, तर त्याला सरकारची परवानगी लागते. अधिकारी येऊन गेले. त्यांनी खोल्या मोजल्या, पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं, जेवणात निवड किती ते विचारलं. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी आमच्या मॅनेजरबाईने, जॅनीनने, केक कापला. तेव्हापासून समुद्राकडे मोठी खोली, उशाशी वर्तमानपत्र, भाजलेलं कोकरू नाहीतर मासा, आणि जेवणाबरोबर वाइन किंवा बिअर, हवी तेवढी. रस्त्याकडच्या लोकांना खिमा, उकडलेले मटार आणि कस्टर्ड. जॅनीन वाईट बाई नाही. तिकडच्या पैशावर इकडचं चालतं असं ती म्हणते, आणि ते खरंही असेल. माझ्या घशाखाली तो केक काही उतरला नाही.

मर्व्हच्या मुलाने, ब्रेटने, बापाला समुद्राकडे हलवलं. क्लॅरीला हलवणारं कुणी नव्हतं. सामान गेलं त्या सकाळी मर्व्ह वॉकर ढकलत क्लॅरीच्या दारात आला.

"शुक्रवारी तिकडे ये. पाहुण्याला चालतं, मी विचारलंय."

"येतो. राउंड माझा आहे. गेल्या शुक्रवारचा तुझा होता."

"तुझा-माझा कसला राउंड, लेका? तिथे मागितली की येते."

"पैसे कोण देतं?"

"कुणीच नाही. म्हणजे ब्रेट देतो, महिन्याचे एकदम."

"मग मी काय ब्रेटची पिऊ?"

"अरे कुणाचीच नाही ती! नळाचं पाणी पितोस तसं पी."

दुपारी क्लॅरी जॅनीनकडे गेला आणि आपल्या बाटल्या तिकडे नेता येतील का, असं त्याने विचारलं. ती समजावून म्हणाली, "नाही रे, क्लॅरी. तिकडे जे वाढतो त्याचा जाब सरकारला द्यावा लागतो. बाहेरचं काही चालत नाही. आणि तुला कशाला हवंय? तिकडे आहेच की फुकट."

"तेच तर," क्लॅरी म्हणाला.

मग त्याने माझ्या हाती निरोप धाडला: तूच माझ्या खोलीत ये, बिअर थंड करून ठेवलीय. मर्व्ह खदखदून हसला. "इथे खिडकीत समुद्र आहे, ग्लास बर्फातून काढून देतात, आणि मी त्याच्या बिळात बसून बाटलीतली पिऊ? त्याला म्हणावं, पाय तुलाही आहेत." मी हे जसंच्या तसं सांगितलं नाही. तरी क्लॅरीला कळलं. तो मर्व्हला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता.

तेव्हापासून दोघांच्या मध्ये एक व्हरांडा आणि एक काचेचं दार. दाराला कुलूपसुद्धा नाही. शुक्रवार आला की क्लॅरी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचा, संध्याकाळी शर्ट काढून ठेवायचा. रागावलेला दिसायचा नाही, दुःखीही नाही. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसावर तरी किती ओरडणार? तरी मी ओरडले.

"जा ना, मेल्या! एक ग्लास त्याच्याकडची प्यालास तर आभाळ कोसळणार आहे का?"

"राउंड माझा आहे, पोरी."

"तो तिकडे एकटाच पितो. समुद्राकडे पाठ करून, दाराकडे बघत बसतो."

"मग यावं त्याने."

गाढवं दोन्ही. मर्व्हलाही मी हेच ऐकवलं, त्यानेही हेच उत्तर दिलं. मला खरंच वाटलं होतं की आज ना उद्या कुणीतरी एक उठेल.

मर्व्हला झटका आला तो नाश्त्याच्या वेळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली, ओळख गेली. गिळणंही धड राहिलं नाही. पाणी, चहा, सगळं पावडर घालून घट्ट करायचं आणि चमच्याने भरवायचं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. क्लॅरीला मीच सांगितलं, त्याची चादर बदलताना. "बरं," तो म्हणाला. मी उशी झटकली, अभ्रा घातला. मग त्याने विचारलं, "बिअर घट्ट होते का?"

मी तशीच जॅनीनकडे गेले. डॉक्टर हो म्हणाले, थोडी चालेल. जॅनीनने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "नेऊ दे त्याला. आता कोण जाब विचारतंय."

शुक्रवारी क्लॅरी पहिल्यांदा काचेच्या दारातून तिकडे गेला. इस्त्रीचा शर्ट, हातात त्याची स्वतःची बाटली. मर्व्हला खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. मी बिअर कपात ओतली, फेस बसू दिला, पावडर टाकून ढवळली. ती खळीसारखी झाली.

"हीच का ती?" क्लॅरीने विचारलं.

"हीच."

चमचा त्याने माझ्या हातून घेतला. सावकाश भरवलं. मर्व्हने गिळलं, जसं तो भोपळ्याचा लगदा गिळतो तसंच. कुणाच्या हातचं, काय, त्याला काहीच कळत नव्हतं. निम्मं हनुवटीवर आलं, ते क्लॅरीने पुसलं. असं करत कप संपला. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"चल, दिलास राउंड," मी म्हटलं. "आता तुला एक ओतू का? इथली. आता तरी घे, सगळं फिटलं."

क्लॅरीने चमचा कपात ठेवला.

"फिटलं कुठे? आता राउंड मर्व्हचा आहे."

आणि तो खुर्चीत मागे टेकून, हात मांडीवर ठेवून, मर्व्हकडे बघत बसला. जेवणाची टेबलं लागली तरी उठला नाही. आता दर शुक्रवारी रिकाम्या हाताने येतो आणि त्याच्या समोर बसतो. मी त्याला काही हवं का, हे विचारायचं सोडून दिलंय.